बाळारामच्या गाडीचा रिव्हर्स गिअर

किस्से कुनी मुद्दाम जमवत नाय. मयताच्या घरी दारात चपला जमतात ना, तसं हाय. पयला येतो तो नीट कोपऱ्यात काढतो. मंग दुसरा येतो, चौथा येतो, आन निघताना बघावं तर हा एवढा ढीग. आपली कुठली, दुसऱ्याची कुठली, काय कळत नाय. मी तर एकदा त्यातली जरा बरी बघून घालून आलो. ज्याची व्हती तो अजून माझ्या पायाकडं बघतो.

तर बाळारामच्या गाडीचे किस्से असेच जमले. कुंभिवलीच्या नाक्यावर, वडापावच्या गाडीशेजारी सिमेंटचं बाकडं हाय. तिथं आमी तिघं बसतो. एक मी. मला समदे तात्या म्हनतात. शाळा चौथीत सुटली, नायतर मास्तर तरी सुटले. दुसरा पांडूनाना, जन्मभर एष्टी चालवली. आन तिसरे लेले मास्तर. कर्जतच्या शाळेत शिकवून शिकवून आवाज बसला, रिटायर झाले आन हवा चांगली म्हनून इकडं घर बांधलं. आता हायवेची हवा खातात.

बाळाराम आमच्या मागच्याच गल्लीतला. आमच्यापेक्षा ल्हान, पन लय ल्हान नाय.

*

बाळारामचा डावा पाय खोपोलीच्या कंपनीत गेला. रोलरनं घेतला, गुडघ्याच्या खाली. कंपनीनं घरी बसवला. मंग त्यानं घरातच पिठाची गिरन टाकली. नकली पाय खुंटीला लावायचा, उजव्या पायावर उभा राहून दळायचा.

त्यात सुमन आजारी पडली. सुमन म्हंजे त्याची बायको. दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवारी आन शुक्रवारी मशीनवर रक्त धुवायचं. दवाखाना शिळफाट्याच्या पुढं. चुकवलं तर अंगात पानी चढतं, श्वास लागतो. दुसरा इलाज नाय, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं.

पयले रिक्षानं जायची. पन मशीनवरनं उठलेल्या मानसाला बसवत नाय. तिला आडवं व्हायला पायजे. एकदा रिक्षातनं पडता पडता वाचली. तवा बाळाराम म्हनला, "आता हिला मीच नेनार."

एक पाय नाय त्यानं गाडी कशी चालवायची? तर क्लच नसलेली चालवायची. कर्जतच्या अंगाला एका मुंबईवाल्याचं फार्महाऊस, तिथं एक जुनी आटोमॅटिक जांभळाखाली उभी. किती वर्सं उभी, देव जानं. पांढरी गाडी, पन वरनं समदी जांभळी. ती बाळारामनं घेतली.

गाडी आली, आन नाना म्हनला, "आदी मी बघतो. एष्टी चालवलीय मी." बसला. खाली बघितलं. परत बघितलं.

"बाळाराम, तुला फसवला रं. ह्याच्यातला एक पायडल काढून घेतलाय."

मास्तरांनी समजावलं. दांडीवर इंग्रजी अक्षरं व्हती. पी म्हंजे उभी, आर म्हंजे मागं, एन म्हंजे मोकळी, डी म्हंजे पुढं. नाना म्हनला, समजलं. गाडी निघाली. नाक्यावर वळन आलं आन नानाचा डावा पाय सवयीनं उठला, क्लच समजून दनकन ब्रेकवर पडला. मास्तरांचा चष्मा काचेवर. माझं तोंड पुढच्या शिटात. पुढच्या वळनावर परत तेच. तिसऱ्या वळनाला मी उतरून चालत आलो.

बाळाराम मागं बसला व्हता. शांतपनी म्हनला, "नाना, उठा. ह्या गाडीला डावा पाय चालत नाय. माझा नाय म्हनून मी नीट चालवीन. तुमचा हाय म्हनून तुमी आमाला माराल."

आन खरंच, लोन्यासारखी चालवली त्यानं.

*

थोडे दिवस बरे गेले. मंग गाडी चढावर रडायला लागली. रेल्वेच्या पुलावर चढायची तवा मशीन वरडायचं, आन गाडी जागच्या जागी. आवाज बोरघाटाचा, चाल बैलाची. मंग एकदम आतनं कुनीतरी लाथ घातल्यासारखा गचका बसायचा आन पुढं जायची.

मी एकदा बरोबर व्हतो. सुमन मागं गोधडीवर आडवी. गचका बसला तशी मी घाबरून मागं बघितलं. म्हटलं, "लागलं का गं?"

ती म्हनली, "तात्या, लग्न झाल्यापासनं ह्यांचं असंच हाय. आवाज लय, मंग जरा वेळानं गचका. मला सवय हाय."

बाळारामनं आरशात बघितलं. कान तेवढे लाल झाले.

अशी बाई व्हती. हाडं वर आली व्हती, हाताची शीर सुई घालून घालून दोरखंडासारखी फुगली व्हती. पन उत्तर द्यायला तयार. मी आख्ख्या कुंभिवलीच्या टोप्या उडवल्या, हिची काय उडवता आली नाय.

*

आमच्याकडं एक रीत हाय. रस्त्यात कुनाची गाडी बंद पडली तर विचारायचं नाय, हात लावायचा. कोन हाय, कुठला हाय, मागनं. आदी ढकलायचं. हायवेला लागून गाव हाय, आज त्याची बंद पडली, उद्या आपली.

त्या रीतीनंच गाडीचा घात केला.

सुमन आत मशीनवर, बाळाराम बाहेर गाडीत बसून. दिवे चालू रायले, बॅटरी बसली. ती बाहेर आली, आडवी झाली, आन गाडी चालूच व्हईना. बाळारामचा फोन आला, तवा मी आन नाना शेजारच्या दत्तूच्या ट्रॅक्टरवर खताला चाललो व्हतो. ट्रॅक्टर तसाच दवाखान्यावर नेला.

आमी पोचलो तर कंपनीची बस थांबलेली आन बसमधली आख्खी पाळी खाली उतरून गाडी ढकलतेय. कुनी सांगितलं नाय, कुनी बोलावलं नाय. सुमन आतनं म्हनते, "पुरं रं बाबांनो," तर ते म्हनतात, "तुमी झोपा ताई." शिळफाट्यापर्यंत ढकलली. ही गाडी धक्क्यानं चालू व्हत नसते, हे तिथं कुनाला ठाऊक? घाम पुसत बसमध्ये चढले आन गेले. आजतागायत नावं म्हाईत नाय.

मंग नाना पुढारी झाला. "एन टाक, बाळाराम. मोकळी कर." दोरखंड बांधला, आन ट्रॅक्टरनं वढत निघालो. मी मडगार्डवर बसलेलो. शिळफाट्याला रफिकचं गॅरेज हाय. टेंपो, डंपर करतो, आटोमॅटिकला हात लावत नाय. तो आमाला बघून बाहेर आला. दोन्ही हात वर करून हलवायला लागला. मंग मागं पळायलाच लागला. मला बरं वाटलं. म्हटलं, एवढी माया. मी पन दोन्ही हातांनी टाटा केला. नानानं केला. दत्तूनं भोंगा वाजवला.

दुसऱ्या दिवशी बॅटरी भरून आनून बाळारामनं दांडी आरवर टाकली, गाडी मागं जाईना. पुढं जाते, मागं नाय. खाली काळं तेल सांडलेलं, करपलेला वास.

रफिक आला, वाकून बघितलं, कपाळाला हात लावला. "चाचा, इंजन बंद, और चक्के घुमाते ले गये. अंदर तेल घूमाच नहीं. जल गया सब. मैं चिल्ला रहा था ना, मत खींचो, मत खींचो."

नाना म्हनला, "आमाला वाटलं तू टाटा करतोय."

पनवेलच्या वर्कशॉपनं दोन-तीन म्हयने गाडी ठेवून घेतली, तवर सुमन परत रिक्षानं. मंग सांगितलं, गिअरचा आख्खा डबाच बदलायला पायजे. डबा गाडीपेक्षा म्हाग. बाळारामनं दुसऱ्यांदा विचारलं नाय.

इतक्या मायेनं कुनी गाडी मारली नसंल.

*

आता अडचन समजून घ्या. बाळारामची गल्ली बोळासारखी. त्याच्या दाराशी ती संपते. दोन्हीकडं भिंती. गाडी तोंडानं आत जाते, पन वळवायला जागा नाय, बाहेर यायचं तर मागंच यायचं. आन रस्त्याच्या अंगाला चढ हाय. गाडी रस्त्यावर ठेवावी, तर सुमनला तिथपर्यंत चालवत नाय. मशीनवरनं आली की दाराशीच उतरायला पायजे.

मी म्हटलं, "रिव्हर्स नाय ना? आमी हाय."

मंगळवारी सकाळी आमी बोनेटला हात लावून उभे. मी आन मास्तर. बाळारामनं मशीन चालू केलं, कारन बंद असलं की स्टेरिंग दगडासारखं व्हतं. दांडी आरवर टाकली. गिअर मेला व्हता, पन त्या मुंबईवाल्यानं मागं जायचा भोंगा बसवलेला, तो जिवंत. टुंई टुंई टुंई करून गल्लीभर वरडायला लागला.

सुमन आतनं म्हनली, "जीव गेला तरी कोकलायचं थांबत नाय. तात्या, तुमच्या घरान्यातली हाय वाटतं ही."

पन दोघांनी चढावर गाडी हलंना. तिसरा पायजे व्हता. तिसरा म्हंजे नाना. आन नाना तवा घराबाहेर पडत नव्हता.

दत्तूच्या ट्रॅक्टरची गोष्ट झाली त्याच्यानंतर मधल्या काळात नानाची बायको गेली. दुपारी जेवली, हात धुवायला उठली आन पडली. तवापासनं नानानं दार लावून घेतलं. दाढी वाढली, बाकड्यावर येईना. पोरगा पुन्याला, तो फोन करायचा, हा उचलायचा नाय. मी दोनदा गेलो, दोनदा शिव्या खाऊन आलो.

त्या सकाळी मी गाडी तशीच सोडून नानाच्या दारावर गेलो आन वरडलो, "नाना, डेपोतनं सायेब आलाय. म्हनतो पांडुरंग मयत झाला, पेन्शन बंद करायचीय."

दार असं उघडलं की बिजागरी निघाली. लुंगीवर, उघडा, दाढी छातीपर्यंत. "कुठाय तो?"

"बाळारामच्या गल्लीत."

तरातरा आला. गल्लीत बोनेटसमोर मास्तर उभे, आन गाडीत सुमन श्वास वढत पडलेली. नानानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं मारतो आता. पन सुमनकडं बघितलं आन बोनेटला हात लावला. गाडी हलली.

वर रस्त्यावर आल्यावर सुमननं काच खाली केली. "नाना, पुढच्या वेळी दाढी करून या. मला वाटलं ढकलायला अस्वल आनलंय."

शुक्रवारी नाना दाढी करून आला. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट. पुढं रोज नाय, पन मंगळवार-शुक्रवार चुकला नाय. गल्लीतल्या बाया नानाचं तोंड बघून वार सांगायच्या.

*

आमचा गिअर असा तिघांचा झाला. टुंई टुंई ऐकू आलं की बाकड्यावरनं उठायचं. वडापाववाला चहा झाकून ठेवायचा.

एकदा वर पोचल्यावर मास्तर हाफत म्हनले, "सुमनबाई, आमच्या वयाकडे बघता हे फार काळ चालणार नाही."

ती म्हनली, "मास्तर, मला काय काळजी नाय. एक चांगलं झालं, खांदा द्यायला मानसं शोधाया नको. सराव झालाय तुमचा."

मी म्हटलं, "चौथा कोन गं?"

ती म्हनली, "ह्यांना धरू नका. हे एका पायावर लंगडतील, मी पडंन."

बाळाराम हसला. तो असा हसला म्हंजे त्याच्या डोळ्यांत पानी असायचं, म्हनून आमी तिकडं बघायचो नाय.

*

एक शुक्रवार मात्र वाईट गेला.

मास्तर डोळ्याच्या आपरेशनला कर्जतला. नाना तापानं फनफनलेला, तरी यायला निघाला, तो उंबऱ्यात बसला. मी एकटा. सुमनला आदल्या रात्रीपासनं पानी चढलेलं. तोंड सुजलेलं, व्हट निळे. बोलायची बंद झाली व्हती, आन ती बोलायची बंद झाली की आमी समजायचो.

मी बोनेटला खांदा लावला. पाय घसरले, गुडघे फुटले. गाडी इकडची तिकडं व्हईना. बाळाराम उतरला, खुंटीवरचा पाय न घालताच उतरला, आन माझ्या शेजारी बोनेटला छाती लावली. एका पायावर. दोघं ढकलतोय आन गाडी परत आमच्याच अंगावर येतेय. आत दांडी तशीच आरवर, भोंगा वाजतोय टुंई टुंई, ऐकायला कुनी नाय. गल्लीतली समदी पोरं कामाला गेलेली.

मी हायवेवर पळालो. मधोमध उभा रायलो, दोन्ही हात पसरून. एक मोठा ट्रेलर थांबला. त्यातनं दोघं उतरले, दाक्षिनात्य व्हते, त्यांची भाषा मला कळंना, माझी त्यांना कळंना. मी नुसतं हातानं ढकलायचं केलं. त्यांनी गल्लीत बघितलं आन पळतच आले. एका दमात गाडी रस्त्यावर. ट्रेलरमागं लाईन लागलेली, लोक भोंगे वाजवतायत. ते चढले आन गेले.

दवाखान्यात बाळारामला लय बोलले. एवढा उशीर करतात का, बाईचा जीव जानार व्हता. तो मान खाली घालून ऐकत उभा रायला.

संध्याकाळी मी बघायला गेलो. सुमन आडवी, आवाज बारीक. म्हनली, "तात्या, माझ्या बाजूच्या खाटेवर ती चौक गावची बाई असते ना? आज खाट मोकळी व्हती."

"आली नसंल," मी म्हटलं.

"तिचा पन रिव्हर्स गेला," सुमन म्हनली, आन भिंतीकडं तोंड करून झोपली.

*

त्याच्यानंतर बाळाराम रफिककडं गेला. म्हनला, काय पन कर.

रफिक म्हनला, "मैं ये डब्बा खोलता नहीं. लेकिन पुराना तेल निकालके नया डालता हूँ. लाल वाला, पनवेल से लाना पडेगा. गारंटी नहीं."

गनपतीच्या आदी गाडी दिली. दवाखान्यातनं येताना सुमनला घेऊन तिथंच थांबले, आन तेल बदलून संध्याकाळी परत आले. आमी तिघं गल्लीच्या तोंडाशी उभेच. गाडी थांबली.

"काय रं? येतो का मागं?" नानानं विचारलं.

बाळारामनं तोंड उघडलं. मंग मागं वळून सुमनकडं बघितलं. ती गोधडीवरनं अर्धी उठली. आमच्याकडं बघितलं, एकेकाकडं. नानाकडं जरा जास्त वेळ. नानानं त्या दिवशी मिशीला काळा रंग लावला व्हता.

"नाय झालं काय," ती म्हनली. "शुक्रवारी या येळेवर."

मला रफिकचा राग आला. दुसऱ्या दिवशी शिळफाट्याला मुद्दाम उतरलो. म्हटलं, "तुझं लाल तेल कुठं गेलं रं? भाकरीला लावून खाल्लं का?"

रफिक हाताचा काळा फडका बघत उभा. वर बघंना. म्हनला, "चाचा, आप ढकेलो. सेहत के लिए अच्छा है."

असा उलट्या काळजाचा मानूस, असं मी बाकड्यावर येऊन सांगितलं.

*

गनपती झाले, नवरात्र झालं. एक दिवस मला खोडी सुचली. गाडी ढकलताना म्हटलं, आज आपन ढकलायचंच नाय. नुसता हात ठेवायचा, आन तोंडानं जोर लावायचा. "हैसा, लाव जोर, हैसा." कपाळाच्या शिरा फुगवल्या. गाडी आपली वर चाललीय. नाना आन मास्तर बिचारे लाल झालेले. मला असं हसू येत व्हतं. आत सुमन तोंडाला पदर लावून बसलेली. मला वाटलं उलटी आली.

दुसऱ्या वेळी परत तसंच. तिसऱ्या वेळी परत. मंग मला ऱ्हाववंना. चहा पिताना सांगून टाकलं, "नाना, तीन खेपा झाल्या. मी नुसता हात ठेवतोय. तुमी दोघं गाढवं ढकलताय."

नानानं कप खाली ठेवला. "मी पन."

"काय, मी पन?"

"माझी कंबर दुखते. मी पन नुसता हात लावतो. मला वाटलं तुझ्यात जोर हाय."

आमी दोघांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तर म्हंजे पावशेर हाडं. एका डोळ्याचं आपरेशन, दुसऱ्याचं व्हायचंय. ते चष्मा पुसायला लागले.

"मास्तर, तुमी एकटे ढकलता?"

"मला डॉक्टरांनी जोर लावायला मनाई केली आहे," मास्तर म्हनले. "डोळ्यामुळे. तुम्हाला सांगायची लाज वाटली. मला वाटलं तुम्ही दोघं..."

मी एवढा हसलो की चहा नाकातनं आला. वडापाववाला हसला. नाना पन हसायला लागला, मंग हसता हसता थांबला.

"हसू नका रं," तो म्हनला. "ती किती वाळलीय बघितलं नाय का? गाडी हलकी झालीय."

मास्तरांचा चहा तसाच रायला, वर साय धरली. त्या दिवसापासनं आमी तिघांनी परत जोर लावायला सुरवात केली. मास्तरांनी पन. एक डोळा मिटून लावायचे.

*

दिवाळीनंतर, मंगळवारीच. सकाळी भोंगा वाजायच्या आदी बायांचा आवाज आला.

आमी गेलो तवा सुमनला खाली घेतलेलं. पहाटे पानी मागितलं, आन पियाच्या आदी गेली. तिला मोजून पानी प्यायला लागायचं, कपानं. बाळारामनं त्या दिवशी पयल्यांदा तांब्या भरून आनला व्हता.

मानसं जमली. भिवपुरीवरनं तिचा भाऊ आला. तिरडी बांधली. दारात चपलांचा हा ढीग. आन मंग कुनाच्या तरी ध्यानात आलं, गाडी गल्लीत उभी हाय. भिंत ते भिंत. आदी गाडी निघायला पायजे, नायतर तिरडी जानार कुठनं?

बाळाराम दाराच्या चौकटीला टेकून उभा व्हता. कुनी त्याला काय म्हनलं नाय. तो आपला आपन निघाला, भिंतीला धरून, गाडीत बसला. भाऊ म्हनला, "दाजी, तुमी ऱ्हाऊ द्या, पोरं काढतील." त्यानं ऐकलं नाय.

आमी तिघं बोनेटसमोर जाऊन उभे रायलो. ते काय कुनी सांगायला पायजे नव्हतं. नाना दाढी करून आला व्हता. मंगळवार ना. मी मधी, नाना डावीकडं, मास्तर उजवीकडं. हात ठेवले. काच समोर व्हती, पन मी बाळारामच्या तोंडाकडं बघितलं नाय. खाली बघितलं.

मशीन चालू झालं. दांडी आरवर गेली. टुंई टुंई टुंई. बायांचं रडनं एकदम थांबलं.

मी तोंडानं "हैसा" म्हननार, तर हाताखालनं बोनेट निघून गेलं.

बाळाराम थांबला नव्हता आमच्यासाठी. मान मागं वळवून, उजवा पाय दाबून, तो एका दमात चढ चढून सरळ रस्त्यावर गेला. ना गचका, ना आवाज. आमी तिघं गल्लीच्या मधी, हात पुढं केलेले तसेच. मास्तर तोल जाऊन माझ्या अंगावर आले. मागं तिरडी, पुढं मोकळी गल्ली.

आमी चालत वर गेलो. काच खाली व्हती. तो स्टेरिंग धरून समोर बघत बसलेला.

मास्तर म्हनले, "बाळाराम, हे कधीपासून?"

"तेल बदललं तवापासनं."

नानानं खिडकीत हात ठेवला. "आन सांगितलं का नाय रं?"

बाळारामनं दांडी पीवर आनली. चावी काढली. भोंगा बंद झाला.

"ती नको म्हनली."